फिरवायचं बटण

यावलकडच्या एका लग्नात वरण-बट्टीची पंगत बसली होती. मे महिना, मांडवाचं कापड तापून त्याचा वास सुटलेला, आणि त्या वासावर मात करणारा घोटलेल्या वांग्यांचा वास. माझा धाकटा भाऊ माझ्या शेजारी बसला होता. वाढपी आमच्या ओळीपर्यंत येईतो तो मोबाइलवर पिकअपला बसवायच्या टचस्क्रीन स्टिरिओचे व्हिडिओ बघत होता. नात्यातल्या एका मामांनी पलीकडून डोकावून विचारलं, “केयाच्या गाडीले टीव्ही काह्याले पाह्यजे भो?” केळी वाहणाऱ्या गाडीला टीव्ही कशाला, असा सवाल. आजूबाजूचे हसले. धाकटाही हसला, मोबाइल खिशात टाकला आणि बट्टी कुस्करायला लागला. मामांच्या मनात वाईट काही नव्हतं, पुढच्याच क्षणी त्यांनी त्याच्या पानात आग्रहाने तूप वाढायला लावलं. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मांडवाबाहेर ज्या कार उभ्या होत्या त्यांतल्या बहुतेकांत स्क्रीन होती, आणि त्याबद्दल कुणाला काही विचारावंसं वाटलं नव्हतं. घरून लग्नाला आणि लग्नातून घरी जाणाऱ्या गाडीत ती असणं साहजिक, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत जिच्यात माणूस बसलेला असतो त्या गाडीत ती असणं म्हणजे चैन. हा हिशोब मला पटत नव्हता.

मालाच्या गाडीकडे आपण कसं बघतो, याचा मी त्या रात्री विचार करत राहिले. किती माल बसतो, डिझेल किती खाते, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कसे आहेत, हप्ता किती राहिला, हे सगळे विचारतात. केबिनचा विषय निघत नाही. धाकट्याची पिकअप केळी वाहते. बागेतून कापणीचा माल उचलायचा, पॅकिंगच्या शेडवर नाहीतर ट्रक भरतो तिथे नेऊन टाकायचा, परत बागेत. मधेच कुणाचं भाडं लागलं तर मालेगाव, नाशिक, इंदूर. वजनकाट्यावर नंबर लागायची वाट बघायची, भाव फुटायची वाट बघायची, मजूर येईपर्यंत थांबायचं. चालवण्याइतकाच वेळ थांबण्यात जातो, आणि हे दोन्ही त्याच एका सीटवर. मी अधूनमधून त्याच्याबरोबर माहेरी जाते तेव्हा त्या केबिनमध्ये बसते. तापलेल्या रेक्झिनचा, डिझेलचा आणि केळीच्या चिकाचा मिसळलेला एक वास तिथे असतो. चीक पाण्यासारखा येतो आणि वाळला की काळा-तपकिरी डाग पडतो, तो कपड्यावरून मरेपर्यंत जात नाही. सीटच्या कडेला, स्टिअरिंगवर, गिअरच्या गोट्यावर ते डाग आहेत. सीटखाली जॅक, दोर, घडी केलेली ताडपत्री. मागे गोधडीची गुंडाळी. वर सन-व्हायझरला अडकवलेल्या पावत्या आणि त्याच्या लेकीने काढलेलं एक चित्र, त्यात पिकअपला आठ चाकं आहेत.

हे घर आहे. निदान अर्धं घर.

आमच्या अप्पांची मेटाडोर होती. तिच्यात कॅसेटचा टेप होता आणि त्याला जोडलेला इक्वलायझर. पाच सरकत्या दांड्या, आवाजाबरोबर खालीवर होणारे हिरवे-लाल दिवे. आम्हा पोरांना गाण्यापेक्षा ते दिवे बघायला आवडायचे. डॅशबोर्डवर पडलेल्या कॅसेटी उन्हाने वाकायच्या आणि गाणाऱ्याचा आवाज ओढल्यासारखा यायचा, तरी अप्पा त्या टाकत नसत. त्यांचा एक नियम होता, भरल्या गाडीत टेप बंद, रिकाम्या गाडीत सुरू. सावद्याला किंवा निंभोऱ्याला स्टेशनवर केळी उतरवून परत निघालो की ते कॅसेट आत सरकवायचे. जाताना मात्र केबिनमध्ये फक्त इंजिनाचा आवाज. “गाडी बोलती, आयकू दे,” म्हणायचे. मला तेव्हा ते कठोर वाटायचं. आता कळतं की ते खरंच ऐकत असत. पाट्यांची कुरकुर नेहमीपेक्षा वेगळी आहे का, मागचा दोर सैल होऊन फाळक्यावर आपटतोय का, आतल्या टायरमध्ये खडा अडकलाय का. ज्याच्या मागे दीड टन कच्चा माल आहे आणि घडाला घड घासला तर भाव पडणार आहे, त्याचे कान रिकामे लागतात. चालवणाऱ्याच्या करमणुकीबद्दल मला जे काही वाटतं त्याचं मूळ तिथे आहे. करमणूक त्याला मिळालीच पाहिजे, आणि ती त्याच्या कामाच्या आड येता कामा नये. या दोन गोष्टी एका गाडीत कशा बसवायच्या, हाच खरा प्रश्न आहे. दुकानात गेल्यावर तो किती बारीक होत जातो ते मी पाहिलं.

जून लागल्यावर आम्ही जळगावात अजिंठा चौफुलीच्या बाजूच्या एका दुकानात गेलो. भिंतभर स्क्रीन लावलेल्या, सगळ्या सुरू, सगळ्यांवर वेगवेगळे व्हिडिओ, आणि काउंटरवर एक मोठा बेसचा डबा धडधडत होता. आधी मापाचा प्रश्न. गाड्यांतल्या स्टिरिओची खाच जगभर बहुधा एका ठरलेल्या मापाची असते, ते माप जर्मनीतल्या मानक संस्थेने ठरवलेलं, म्हणून तिच्या नावावरून सगळे ‘डिन’ म्हणतात. सिंगल डिन म्हणजे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच, डबल डिन म्हणजे तेवढाच रुंद आणि १०० उंच. धाकट्याच्या गाडीत एकेरी खाच आहे आणि तिच्याखाली पावत्या ठेवायचा कप्पा. कप्पा काढला की दुहेरी जागा होते आणि सात इंची स्क्रीन बसते. दुकानदाराचा ओढा मात्र नऊ-दहा इंचांकडे होता. ती बसवायला डॅशबोर्डचा भाग कापून वेगळी फ्रेम लावावी लागते. “सगळेच घेतात भाऊ, सात इंच आता कोण लावतं?” धाकट्याने भिंतीवरची दहा इंची उतरवायला लावली, गाडीत नेऊन जागेवर धरायला लावली आणि स्वतः सीटवर बसून गिअर टाकून बघितला. स्क्रीनची खालची कड हाताच्या मुठीला लागत होती आणि इंडिकेटर एकदम लावायचं बटण तिच्यामागे जात होतं. “कापाचं नाही,” एवढंच तो म्हणाला. मला त्याचं ते वागणं फार आवडलं. गाडीत बसवायची वस्तू गाडीत बसून बघावी, इतकी साधी गोष्ट भिंतीकडे बघत निवडताना सुचत नाही.

मग बोटाची गोष्ट झाली.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हे का होतं ते मला ठाऊक होतं. तरी ते समोर घडताना बघायची माझी तयारी नव्हती. स्क्रीन दोन प्रकारच्या. जुन्या आणि स्वस्त सेटमध्ये दाबाची असते, वरचा लवचीक थर दाबून खालच्या थराला टेकला की जागा कळते. तिथे नख चालतं, पेनचं टोपण चालतं. नव्या सेटमध्ये मोबाइलसारखी काच असते. काचेखाली अगदी थोडा विद्युतभार पसरलेला असतो, बोट टेकलं की त्यातला काही बोटाकडे ओढला जातो आणि त्यावरून जागा समजते. यासाठी कातडी थोडी ओलसर, थोडी मऊ लागते. धाकट्याने अंगठ्याने गाण्याची खूण दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली, जोरात. दुकानातला मुलगा म्हणाला, “जरा हलक्या हाताने, भाऊ.” त्याने हलक्या हाताने दाबली. मग मी सहज बोट लावलं तर गाणं लगेच सुरू झालं. मी त्याच्या हाताकडे बघितलं. अंगठ्याच्या टोकाला जाड झालेली, पिवळसर कातडी, तिच्यात आडव्या भेगा आणि भेगांमध्ये वर्षानुवर्षांच्या चिकाचं काळं. त्या सकाळीही तो एक खेप टाकून आला होता. कातडी अशी जाड आणि कोरडी असली, तिच्यावर वाळलेला थर असला, की काचेला बोट आल्याचं समजतच नाही. त्याच्या मोबाइलवर तो तर्जनीची कड वापरतो हे मी कितीदा पाहिलेलं, पण त्यामागचं कारण माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. माझा घसा दाटून आला. दुकानातल्या त्या मुलाला माझं वाईट वाटणं दिसू नये म्हणून मी एक खोका उचलून त्यावरचे आकडे वाचायला लागले.

धाकट्याला वाईट वाटायला वेळ नव्हता. त्याने अंगठा पँटला पुसला आणि विचारलं, “फिरवाचं बटन असलेला दाखव. माले फिरवाचं बटन पाह्यजे.” आवाजासाठी गोल बटण असलेले सेट भिंतीवर कमीच होते. बहुतेकांना कडेला काचेवरच छापलेल्या खुणा, वर दाबा, खाली दाबा. त्या बघितल्याशिवाय सापडत नाहीत. गोल बटण हाताला सापडतं. नजर रस्त्यावर ठेवून हात खाली न्यायचा, बोटांना कडा लागली की फिरवायचं. आवाज किती कमी झाला ते कान सांगतात, डोळ्यांचं कामच नाही. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. आवाज कमी करायची खूण शोधायला दोन सेकंद लागले तर जवळजवळ ३३ मीटर गाडी कुणी न बघता चालली. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर तेवढ्यात एक बैलगाडी, दोन खड्डे आणि बागेतून अचानक बाहेर आलेला ट्रॅक्टर, एवढं सगळं होऊ शकतं. वर्गात मी वेग-वेळ-अंतराची गणितं घालते तेव्हा त्यात नेहमी आगगाडी असते. पुढच्या वर्षी पिकअप घालणार आहे.

आकड्यांच्या बाबतीत मी त्याला थोडी मदत करू शकले. खोक्यावर ५० वॉट गुणिले चार लिहिलेलं असतं. ते क्षणभराचं कमाल बळ, सलग मिळणारं साधारण वीस वॉटच्या आसपास. म्हणजे खोट्या आशेवर स्पीकर घ्यायचे नाहीत. अँड्रॉइडच्या स्वस्त सेटमध्ये चार जीबी, आठ जीबी रॅम असे आकडे झळकतात, आणि सेटिंगमध्ये गेलं तरी तेच दिसतात. काही सेटमध्ये तो दिसणारा आकडाच बदलून ठेवलेला असतो, त्यामुळे तो वाचून काही कळत नाही. चालवून बघायचं. सेट पूर्ण बंद करून चालू करायचा, नकाशा उघडायचा, गाणं लावायचं आणि त्यातच रिव्हर्सचा कॅमेरा लावून बघायचा. एक सेट चालू व्हायलाच एवढा वेळ घेत होता की धाकटा म्हणाला, तोवर माझी गाडी मागे जाऊन बांधाला लागलेली असेल. सीटखाली बसवायच्या बेसच्या डब्याचा आग्रहही झाला. तिथे जॅक आणि दोर असतात, हे सांगून तो विषय मिटला. खरं तर या गाडीला बेस नकोच आहे. काचा खाली, डिझेल इंजिन, वारा. त्यात माणसाचा बोलण्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला पाहिजे. तो कीर्तनं ऐकतो, बायकोशी बोलतो, व्यापाऱ्याचा फोन घेतो. या सगळ्यात धडधडीचा काही उपयोग नाही.

धाकट्याची पुढची मागणी ऐकून दुकानदार जरा वैतागला. त्याला सेट उन्हात बघायचे होते. दुकानात ट्यूबलाइटखाली प्रत्येक स्क्रीन झळझळीत दिसते. आमच्याकडचं ऊन काय असतं ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. ४५ अंशांवर पारा गेला की उभ्या गाडीतल्या प्लॅस्टिकला हात लागत नाही, आणि दुपारी तीननंतर पश्चिमेला निघालं की ऊन थेट डॅशबोर्डवर येऊन बसतं. दोन सेट लांब वायर जोडून ओट्यावर आणले. एकाच्या काचेत आम्हा दोघांचे चेहरे आणि मागचं लिंबाचं झाड एवढंच दिसत होतं. दुसऱ्यावर डोळे बारीक करून का होईना, नकाशातला रस्ता दिसत होता. किमतीत हजारांचा फरक होता. धाकटा त्या दुसऱ्या सेटसमोर उकिडवा बसून बराच वेळ कोन बदलून बघत राहिला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता, आणि माझ्या मनात आलं की केळीचा घड निवडतानाही तो असाच बसतो. फण्या भरल्या आहेत का, कडा गोल झाल्या आहेत का, बोटाने एकेक बघत. घाई नाही.

सेट ठरल्यावर वायरींची यादी करताना दुकानातल्या मुलाने सवयीने विचारलं, “व्हिडिओ चालू ठेवायचा ना? एक वायर अर्थिंगला जोडली की गाडी चालताना पण दिसतो.”

ती वायर हँडब्रेकची. ब्रेक ओढलेला आहे, गाडी उभी आहे, हे सेटला कळावं म्हणून ती असते. ती थेट बॉडीला जोडून टाकली की सेटला गाडी कायमची उभीच वाटते. ही फसवणूक इतकी सर्रास होते की तो मुलगा चहा-कॉफी विचारावी तसं विचारत होता. माझ्या पोटात धस्स झालं आणि मी तोंड उघडणार एवढ्यात थांबले. गाडी त्याची, जीव त्याचा, पैसे त्याचे. मोठी बहीण म्हणून आयुष्यभर त्याला सूचना करण्याची सवय मला लागलेली आहे, ती या एका ठिकाणी मला वापरायची नव्हती. धाकट्याने त्या बारीक वायरीकडे बघितलं. मग म्हणाला, “उभ्या गाडीत चालू दे. चालतीत नको. वायर हँडब्रेकलेच लाव.” मुलाने खांदे उडवले आणि लिहून घेतलं. बाहेर चहा पिताना मी त्याला विचारलं, का नको म्हणालास? तो म्हणाला, रावेरकडून रात्री येताना बिनलाइटची ट्रॉली एकदम पुढ्यात येते, ताई, ती दिसली म्हणजे आपण तिच्यावर आलेलोच असतो. एवढंच. पण काट्यावर दोन-दोन तास थांबतो तेव्हा बघायचंय मला, असंही तो म्हणाला. लेकीचं स्नेहसंमेलन बघायचंय. मला ते ‘पण’ आवडलं. त्याने स्वतःचा हक्कही सोडला नव्हता.

म्हणूनच त्याने जो सेट निवडला तो मला योग्य वाटतो. तो स्वतः फार काही करत नाही. फोन जोडला की अँड्रॉइड ऑटोतून नकाशा, गाणी, फोन एवढं स्क्रीनवर येतं आणि चालत्या गाडीत बाकीचं येत नाही. पूर्ण अँड्रॉइडच्या मोठ्या सेटमध्ये काहीही चालतं, हेच त्याचं मोठेपण म्हणून सांगतात. मला वाटतं, चालवणाऱ्यासाठी काहीही न चालणं जास्त मोलाचं आहे. शिवाय चार वर्षांनी सेट जुना होईल, फोन मात्र बदललेला असेल, आणि नकाशा फोनमधला असल्याने तोही नवा असेल. २०१९च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना मोबाइल हातात धरून वापरणं कायद्याने धोकादायक चालवण्यात मोडतं, आणि तरी आपल्या रस्त्यांवर प्रत्येक दुसऱ्या पिकअपवाल्याची मान खांद्याकडे वाकलेली दिसते, मधे फोन अडकवलेला. व्यापाऱ्याचा फोन उचलला नाही तर खेप दुसऱ्याला जाते. तो न उचलण्याचा उपदेश करणं सोपं आहे. उचलायचाच असेल तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून उचलता यावा, यासाठी काही हजार रुपये लागतात. त्याला चैन म्हणणारा माणूस त्या सीटवर बसलेला नाही.

आणि कॅमेरा. खर्च पटायला तो एकटा पुरेसा होता. पिकअप भरली की मधल्या आरशात फक्त माल दिसतो, आरसा असून नसल्यासारखा. बाजूच्या दोन आरशांत दोन कडा दिसतात आणि मधला सगळा भाग आंधळा. बागेच्या बांधावरून मागे घेताना मागे मजुरांची पोरं खेळत असतात, कुणी घडांवर टाकायला पानं गोळा करत असतं. आजवर कुणीतरी मागे उभं राहून “येऊ दे, येऊ दे” म्हणायचं आणि त्या आवाजावर सगळं चालायचं. दुकानदार कॅमेरा मागच्या फाळक्यावर लावणार होता, तिथे जागा सपाट म्हणून. धाकट्याने त्याला फाळका पाडून दाखवला. माल भरताना तो पडलेलाच असतो, त्यावर माणसं पाय देऊन चढतात, कॅमेरा एक दिवस टिकला नसता. शेवटी नंबर प्लेटच्या वर, बंपरच्या आत दबलेला, अशी जागा निघाली. तिथे चिखल उडणारच. तो म्हणतो, टायर बघायला उतरतो तेव्हा बोटाने पुसेन.

बसवायला दुपार गेली. मला त्या वायरी बघायला मजा आली. पिवळी बॅटरीची, कायम चालू; लाल किल्लीची; काळी बॉडीची. पिवळी आणि लाल उलटसुलट झाली तर किल्ली काढली की सेट सगळं विसरतो आणि दर वेळी नव्याने जन्माला येतो. सेट चालू केल्यावर स्पीकरमधून एक बारीक घूं आवाज यायला लागला, आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो वर चढायचा. गाडीची वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज, काळी वायर नीट टेकलेली नसली की येतो. मिस्तरीने ती रंगावरच आवळली होती. धाकट्याने पान्ह्याच्या कडेने पत्र्यावरचा रंग खरवडला, खालचं चकचकीत लोखंड वर आलं, त्यावर वायर आवळली आणि घूं गेला. हे त्याला कुणी शिकवलं असं मी विचारलं तर म्हणाला, “अप्पांच्या टेपलेबी असंच होयाचं.”

अप्पांना आम्ही संध्याकाळी गाडीत नेऊन बसवलं. त्यांना आता कमी दिसतं. त्यांनी स्क्रीनवरून तळवा फिरवला, गोल बटण सापडल्यावर थोडं फिरवून बघितलं आणि विचारलं, “याच्यावर आकाशवाणी जळगाव लागते का?” ते मध्यम लहरींवरचं (एएम) जळगाव केंद्र ऐकत मोठे झालेत, शेतीचे कार्यक्रम, बाजारभाव, संध्याकाळच्या बातम्या. हल्लीच्या पुष्कळ सेटमध्ये एफएम चांगलं लागतं आणि मध्यम लहरी एकतर नसतात, नाहीतर आजूबाजूच्या चार्जरच्या नि दिव्यांच्या खरखरीत बुडून जातात. या सेटमध्ये त्या आहेत, पण खरखर जास्त. धाकट्याने फोनवरच्या ‘न्यूज ऑन एआयआर’ ॲपमधून आकाशवाणी लावून दिली. आवाज स्वच्छ आला. अप्पा ऐकत राहिले, मग म्हणाले की पालकडे चढलं की हे बंद पडेल. ते खरं आहे, सातपुड्याच्या पायथ्याला नेटवर्क जातं. त्यांची जुनी लहर डोंगरापर्यंत यायची. मला याचं वाईट वाटतं आणि यावर उपाय माझ्याजवळ नाही. चांगली वस्तू घेऊनही एक गोष्ट हातातून गेलीच.

आता मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी लावायच्या केळीची, लावणी सुरू आहे आणि गाडी रोपांच्या क्रेट वाहते. परवा मी त्याला फोन केला तेव्हा त्याने उचलला, “भरलेली आहे ताई, उतरवून करतो,” म्हणाला आणि ठेवला. मागे ना गाणं होतं, ना कीर्तन. डाव्या दाराचा पत्रा मात्र स्पीकरबरोबर अजून थरथरतो. दाराचं पॅनेल उघडून आत फोमची पट्टी चिकटवावी लागेल. पट्टी मी जळगावातून घेऊन ठेवली आहे, आणि पावत्यांच्या गेलेल्या कप्प्याऐवजी दाराला लावायची एक जाळीची पिशवीही. पुढच्या रविवारी मी जाणार आहे तेव्हा ते करू.